विसरलेल्या वस्तूंचं कपाट

१

फळीवर चोवीस वह्या असायला हव्या होत्या. होत्या तेवीस.

बाईंनी पुन्हा मोजल्या. आधी बोटाने, मग पेन्सिलीने, मग चष्मा पुसून. तेवीस म्हणजे तेवीसच. पोलिसांच्या नियंत्रण कक्षात येणारा प्रत्येक फोन ज्या वहीत टिपला जातो ती वही, महिन्याला एक. आणि गायब कुठली, तर एकोणीस महिन्यांपूर्वीची. ज्या महिन्यात वाचनालयात बॉम्ब सापडला, नेमकी ती. कुठेतरी पाणी मुरत होतं, हे कळायला तपासनीस असण्याची गरज नव्हती.

बाई तपासनीस नव्हत्याच. विधिमंडळाच्या समितीचा अहवाल लिहिणं, एवढंच त्यांचं काम. कचेरीत मागून त्यांना 'खोडरबर' म्हणत, कारण कितीही मोठ्या माणसाने लिहिलेलं असो, पुरावा नसलेलं वाक्य त्या खोडून परत धाडत. हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

परवा समिती ठरवणार होती, विशेष कायदा आणखी पाच वर्षं ठेवायचा की नाही. या कायद्यात खटला नाही, वकील नाही. नुसत्या संशयावरून दोन वर्षं आत, आणि वर 'जागती चौकशी', म्हणजे माणसाला उभं ठेवायचं आणि झोपू द्यायचं नाही. कायद्याच्या बाजूने हातात एकच पान होतं, पण ते एक्क्याचं. एका वायरमनला सोमवारी पहाटे पकडलं, पस्तीस तास जागं ठेवलं, तो बोलला, आणि मंगळवारी सहाला, मुलांच्या गोष्टींच्या तासाला फुटणारा बॉम्ब पाच वाजता हाती लागला. चाळीस मुलं वाचली. यावर कोण काय बोलणार? वायरमन अजून आतच होता. कायदा वाढला तर त्याची आणखी दोन वर्षं ठरलेली, पडला तर तो घरी.

"तुमच्याशिवाय किल्ली कुणाकडे?" बाईंनी विचारलं.

"मोठ्या साहेबांकडे," दप्तरवाले काका म्हणाले. काका तसे ठेंगणे, पण खुर्चीत चांगले ऐटीत उंच बसले होते; पाय जमिनीला न टेकता हलत होते. "आणि आठ दिवसांपूर्वी साहेबांचा स्टेनो ही वही बघून गेला. परत केल्याची सही आहे त्याची."

बाईंनी फळीकडे पाहिलं. जिथे वही हवी होती तिथे लाकडाचा ठोकळा उभा होता, शेजारच्या वह्या कलंडू नयेत म्हणून.

"समितीला दिलेल्या यादीत या वहीचा नंबर तांबड्या शाईने लिहिलाय," बाई म्हणाल्या. "यादी कुणी केली?"

काका तोंड उघडणार तोच टेबलावरचा फोन वाजला. काकांनी ऐकलं आणि फोन बाईंपुढे धरला. मोठे साहेब होते; बाईंना आपल्या खोलीत बोलावत होते. वही नाही हे बाईंना कळून पाच मिनिटंही झाली नव्हती, आणि साहेबांना ते कळलं होतं.

२

"भाऊ कसा आहे तुमचा?" बाई खोलीत शिरताच मोठ्या साहेबांनी पहिला प्रश्न हाच विचारला.

सहा वर्षांपूर्वी बाजारात स्फोट झाला, त्यात बाईंच्या धाकट्या भावाचे डोळे गेले. गणित शिकवायचा तो. त्या स्फोटातला माणूस याच साहेबांनी आठ दिवसांत पकडून आणला होता, तोही जागत्या चौकशीने. 'तो आत आहे म्हणून मला झोप लागते, ताई,' असं भाऊ म्हणायचा. दर नव्या वर्षाला तो साहेबांना न चुकता शुभेच्छा पाठवायचा. बाई स्वतः कायद्याच्याच बाजूच्या होत्या, ते का हे वेगळं सांगायला नको.

"बरा आहे," बाई म्हणाल्या. "वही कुठे आहे, साहेब?"

"अहो, फोनची वही! कुणाची मांजर झाडावर अडकली, कुणाचा नवरा घरी आला नाही. कुठल्या तरी गठ्ठ्यात गेली असेल." साहेब हसले. हसणं गोड होतं, पण साखरेच्या सुरीसारखं. "तुम्हाला हवी ती ही फाईल. त्या पहाटे एकेचाळीस जण उचलले आम्ही. हल्ला होणार एवढीच खबर होती, कुठे ते माहीत नव्हतं. एकेचाळिसांत एक बोलला. कायदा नसता तर?"

बाईंनी फाईल तिथेच बसून वाचली. वायरमनचा कबुलीजबाब जेमतेम एक पान होता. 'रविवारी संध्याकाळी पंखे दुरुस्त करायला गेलो असता, पिशवी विसरलेल्या वस्तूंच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, छत्र्यांच्या मागे ठेवली.' पंचनाम्यातही तेच: खालचा कप्पा, छत्र्यांच्या मागे, काळी पिशवी. पिशवीच्या बंदाला दोऱ्याने बांधलेली एक चिठ्ठी, आणि तिच्यावर तीन अक्षरं: 'सो. पे. टे.'

या तीन अक्षरांवर तज्ज्ञांनी चार पानं लिहिली होती. परकीय संघटनेचं सांकेतिक नाव असण्याची दाट शक्यता, वगैरे. वायरमनला त्याचा अर्थ तीन महिने विचारत होते. त्याने सांगितला नव्हता. 'अत्यंत कसलेला,' असा शेरा होता.

बाहेर जिन्याजवळ स्टेनो भेटला. हातातली पेन्सिल दातांखाली धरून चघळत होता.

"कबुलीजबाब तुम्ही टाइप केलात?"

"हो. साहेबांनी सांगितला तसा."

"साहेबांनी सांगितला, का वायरमनने?"

स्टेनोने तोंडातली पेन्सिल काढली. "वही मी परत केली, बाई. शपथेवर सांगतो. मला फक्त एक वेळ बघायची होती," एवढं बोलून तो दोन-दोन पायऱ्या टाकत खाली पळाला.

वेळ? कसली वेळ?

३

त्याच संध्याकाळी बाई वाचनालयात गेल्या. मासिकांच्या टेबलाशी बसून त्यांनी सगळं न्याहाळलं. वर्तमानपत्रांचं लांब टेबल, मुलांची खोली, आणि दाराशेजारी ते हिरवं कपाट. कपाटाला चांगलं दणकट कुलूप होतं.

तिथे झाडणारी मावशी गेली बारा वर्षं तीच होती. बाईंनी गोडीने विचारलं, दरडावून विचारलं, शेवटी नुसतंच बसून राहिल्या. मावशीचं एकच. "मला काही ठाऊक नाही. मी झाडते आणि घरी जाते."

तोंडाला कुलूप लावलेल्या माणसाशी डोकं फोडून काय उपयोग? बाई वैतागून निघाल्या आणि त्या भरात छत्री तिथेच राहिली.

घरी भावाने दार उघडलं. "पावलांवरून कळतंय, आज कुणाशी तरी भांडून आलीस."

"भांडले असते तर बरं झालं असतं. कुणी भांडेचना."

"ताई, एक विचारू? तो सुटणार तर नाही ना, तो वायरमन? चाळीस मुलं होती."

"पुरावा असेल तर नाही सुटणार," बाई म्हणाल्या. हे वाक्य बोलताना त्यांना नेहमी बरं वाटायचं. आज वाटलं नाही.

सकाळी नऊला त्या छत्री आणायला गेल्या. मावशीने कमरेची किल्ली काढली, हिरवं कपाट उघडलं आणि खालच्या कप्प्यातून छत्री काढून दिली. छत्रीच्या दांड्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली होती. 'मं. मा. टे.'

बाईंनी चिठ्ठी वाचली. मग जवळची खुर्ची ओढून बसल्या.

"हे काय आहे, मावशी?"

"काय म्हणजे? मंगळवार, मासिकांचं टेबल. लोक येतात आणि म्हणतात माझी छत्री, माझीच. मग मी विचारते, कुठे बसला होता? चिठ्ठीशी जुळलं तरच देते. सकाळी आठ वाजता झाडताना जे सापडेल ते चिठ्ठी लावून कपाटात. बारा वर्षांचा रिवाज आहे माझा."

"आणि किल्ली?"

"ही एकच. रात्री घरीसुद्धा माझ्या कमरेलाच."

सोमवार. पेपरचं टेबल. चार पानं लिहिली होती तज्ज्ञांनी! बाईंना हसू आलं आणि लगेच आटलं. तीन महिने त्या माणसाला या चिठ्ठीचा अर्थ विचारत होते.

"मावशी, ती काळी पिशवी कपाटात तुम्ही ठेवलीत. सोमवारी सकाळी आठ वाजता. पेपरच्या टेबलाखालून उचलून."

मावशीच्या हातातला झाडू थांबला. तिने दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग बाईंकडे. "सही घेतलीय माझ्याकडून. बोललीस तर तुलाही त्याच कायद्याखाली आत टाकू म्हणाले. फोन केलाच नव्हतास असं समज म्हणाले."

"कुठला फोन?"

४

मावशी पाठ फिरवून पुन्हा झाडायला लागली. बाई तिथून थेट तुरुंगात गेल्या.

वायरमन जाळीपलीकडे येऊन बसला. चाळिशीचा असेल, दिसत होता साठीचा.

"पिशवी तुम्ही ठेवलीत?"

"ठेवली असेल."

"असेल म्हणजे?"

"बाई, पस्तीस तास उभा होतो. भिंती हलायला लागल्या होत्या. शेवटी मीच म्हटलं, कुठे ठेवली ते तुम्हीच सांगा, मी हो म्हणतो, पण मला आडवं होऊ द्या." तो आपल्या बोटांकडे बघत होता. "कपाट म्हणाले, मी म्हटलं कपाट. मग झोपू दिलं. आता रोज स्वप्नात ते हिरवं कपाट दिसतं. पंखे दुरुस्त करताना पाहिलेलंच होतं. म्हणून वाटतं, ठेवलीही असेल मीच. बायको विचारते, एकदा खरं सांग, तू ठेवलीस का? काय सांगू तिला? मलाच खात्री नाही."

इतकी वर्षं त्यांनी खोटं बोलणारी माणसं पाहिली होती, खरं बोलणारी पाहिली होती. स्वतःचं खरं काय हेच हरवलेला माणूस त्या पहिल्यांदा पाहत होत्या.

"स्वप्नातलं कपाट कसं उघडता?" त्यांनी विचारलं.

"कडी काढून."

"त्याला कडी नाहीये," बाई हळूच म्हणाल्या. "कुलूप आहे, आणि किल्ली एकीच्याच कमरेला असते. आणि पिशवी कपाटात गेली सोमवारी सकाळी आठला. तुम्हाला घरातून उचललं किती वाजता?"

"पहाटे पाचला." वायरमनने मान वर केली. "मग कपाट मला कसं ठाऊक असणार?"

"नव्हतंच ठाऊक. जो ठेवेल त्याला टेबल ठाऊक असेल. कपाट फक्त ज्यांना पिशवी सापडली त्यांनाच ठाऊक." बाई उठल्या. "बायकोला सांगा, नाही ठेवली."

पण हे सगळं सांगणार कुणाच्या जोरावर? मावशी बोलणार नाही. साहेब म्हणतील किल्ल्या बनवता येतात, रिवाज मोडता येतात. उद्या दुपारी मत होतं आणि हातात पुरावा नव्हता. खोडरबर बाईंनी स्वतःचंच वाक्य खोडलं असतं. पुरावा होता तो त्या वहीत, आणि वही कुणी नेली हे त्यांना आता, तुरुंगाच्या पायऱ्या उतरताना, लख्ख कळलं.

५

"उठा, काका," बाई दप्तरखान्यात शिरताच म्हणाल्या.

"का बरं?"

"साहेबांनी नेली असती तर वह्या सरकवून जागा बुजवली असती, तेवीस वह्या चोवीस आहेत असं डोळ्यांना भासवलं असतं. स्टेनोने नेली असती तर आधी परत केल्याची सही कशाला केली असती? चोर भोक बुजवतो. इथे कुणीतरी ठोकळा लावून भोक जपून ठेवलंय. यादीही तुम्हीच केलीत, आणि नंबर तांबड्या शाईने लिहिलात, म्हणजे माझ्यासारखीच्या डोळ्यात खुपेल. आणि काल तुमचे पाय जमिनीला टेकत नव्हते. उठा!"

काका उठले. खुर्चीवरची उशी उचलली. खाली वही होती.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," बाई म्हणाल्या.

"काखेत नाही हो," काका ओशाळून म्हणाले. "शुक्रवारी जुन्या वह्या लगद्याला पाठवायचा हुकूम आलाय. साहेबांचा. चौतीस वर्षं मी दप्तर सांभाळतोय, बाई. असलेली वही कुणी उघडून बघत नाही. हरवलेली मात्र सगळे शोधतात. नियमाप्रमाणे साहेबांनाही काल सकाळी मीच हरवल्याचं कळवलं. दोन महिन्यांनी घरी बसायचंय मला. बोललो असतो तर साहेबांनी दुसरीकडेच बसवलं असतं. म्हणून म्हटलं, वहीनेच बोलावं."

बाईंनी मंगळवारचं पान काढलं. 'दुपारी २.२०. वाचनालयातून झाडणारी बाई. कपाटातील पिशवी कुणी न्यायला आले नाही म्हणून उघडून पाहिली, आत तारा व घड्याळ.' खाली, 'पथक रवाना २.३५. पिशवी निकामी ३.१०.' वायरमनचा कबुलीजबाब होता साडेचारचा. स्टेनोला हीच वेळ बघायची होती. त्यालाही एकोणीस महिने खवखवत होतं.

मागे दार उघडलं. दारात मोठे साहेब उभे होते.

"ती इकडे द्या," ते म्हणाले. आज हसले नाहीत.

"तीन-दहाला पिशवी निकामी झाली," बाई म्हणाल्या. वही त्यांनी छातीशी धरली होती. "साडेचारला तो बोलला. मधल्या वेळात त्याला कशासाठी उभा ठेवलात?"

"एकेचाळिसांत वाचनालयात गेलेला तो एकटाच होता. मला पक्कं वाटलं, तोच. अजूनही वाटतं."

"वाटलं, म्हणून वदवून घेतलंत. तेही पंचनाम्यावरून."

"चाळीस मुलं वाचली हे खोटं आहे?"

"खरं आहे. पण ती एका झाडूवालीने वाचवली. कुठलाही विशेष कायदा न लागता, एका फोनने."

"आणि त्यानंतर एकोणीस महिने एकही स्फोट नाही! लोक घाबरतात या कायद्याला."

"कावळा बसायला नि फांदी मोडायला, साहेब. घाबरलेत कोण? मावशी घाबरलीय, स्टेनो घाबरलाय, हे काका घाबरलेत. ज्याने पिशवी ठेवली त्याला घाबरायचं काही कारणच नाही. त्याच्या जागी दुसरा आत आहे ना."

साहेब एक पाऊल पुढे आले. आवाज खाली आणून म्हणाले, "घरी भावाला काय सांगाल?"

तेवढ्यात काकांनी टेबलावरचा फोन हळूच खाली ठेवला आणि ते खाकरले. "साहेब, वही समितीच्या नावे दिली आहे. नोंद झाली. अकरा वाजून पाच मिनिटं. समितीला फोनवर नंबरही कळवला आताच." आणि त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

साहेबांनी नोंदवहीकडे पाहिलं. मग ते दारातून बाजूला झाले.

६

बाई त्याच पावली मावशीकडे गेल्या. "वहीत तुमचा फोन आहे. नाव नाही, पण शोधतील. अहवालात नाव लिहू का?"

मावशीने बराच वेळ झाडू भिंतीला आपटून धूळ काढली. मग म्हणाली, "लिहा. जे सापडतं ते चिठ्ठी लावून ठेवायचं, एवढंच मला येतं. तो माणूसही ज्याचा त्याला परत द्यायला हवा."

दुसऱ्या दिवशी समितीत बाईंनी फक्त वेळा वाचल्या. पहाटे पाच, सकाळी आठ, दोन-वीस, तीन-दहा, साडेचार. त्यांचं स्वतःचं मत कुणी मागायची गरज उरली नाही. कायद्याची मुदतवाढ दोन मतांनी पडली. अध्यक्षांनी शेवटी एकच विचारलं, "मग पिशवी ठेवली कुणी?"

"ते एकोणीस महिने कुणी विचारलंच नाही," बाई म्हणाल्या. "उत्तर मिळालंय असं सगळ्यांना वाटत होतं."

संध्याकाळी त्या घरी आल्या. भाऊ रेडिओ बंद करून बसला होता. बातमी ऐकली होती त्याने. बाईंनी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं, छत्रीपासून वहीपर्यंत. रागावेल असं बाईंना वाटत होतं. रागावला असता तर बरं, असंही वाटत होतं.

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी," शेवटी तो म्हणाला. "आणि चोर बाहेरच."

"हो."

"वायरमन घरी गेला?"

"उद्या सकाळी जाईल."

भावाने हात पुढे करून टेबलाची कड चाचपली, मग बाईंचा हात शोधला आणि घट्ट धरला.

"ताई, माझ्या वेळी पकडलेला तो. त्यालाही जागं ठेवलं होतं ना? याच साहेबांनी?"

"हो," बाई म्हणाल्या.

"त्याचा कबुलीजबाब वाचलायस का तू कधी?"

सहा वर्षं बाईंनी दुनियेचे कागद वाचले होते, कुणाकुणाची वाक्यं खोडली होती. तो एक कागद मागवावा असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या.

"मग उद्या आण. आणि मला मोठ्याने वाचून दाखव."

त्या रात्री भावाला झोप लागली नाही. पलीकडच्या खोलीत बाई त्याच्या येरझाऱ्या ऐकत पडल्या होत्या.